कापसाच्या गावात अमेरिकेची यादवी



 स्वागताध्यक्ष विद्वान असावा लागत नाही. त्याच्याकडे एक रिकामं गोदाम, दोन गाड्या आणि गावात थोडी ओळखपाळख असली की भागतं. माझी निवड त्याच निकषावर झाली आहे. घरचा धंदा जिनिंग-प्रेसिंगचा. तरी अमेरिकेच्या यादवीवरची परिषद खामगावात भरवायचं ठरलं, तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही. ज्या मालापायी ते सगळं पेटलं, तो माल आजही या गावात ट्रॉल्या भरून उभा आहे.

आम्ही शाळेत शिकलो ते एवढंच, की उत्तर औद्योगिक होती, दक्षिण शेतीप्रधान होती, जकातीवरून भांडण झालं आणि युद्ध पेटलं. व्यापारी म्हणून मला हे कधी पटलं नाही. कपाशी पिकवणारा आणि कापड विणणारा यांचे धंदे वेगळे असतात, म्हणूनच तर त्यांच्यात सौदा होतो. दक्षिणेची रुई न्यूयॉर्कच्या दलालांच्या हातून जात होती. तिचा विमा, तिच्यावरचं कर्ज, तिची जहाजं बहुतेक उत्तरेची. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलच्या गिरण्या तिच्यावरच चालत होत्या. जानेवारी १८६१ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर फर्नांडो वुड यांनी तर आपलं शहरच संघराज्यातून बाहेर पडावं अशी सूचना केली होती. दक्षिणेचं गिऱ्हाईक तुटू नये, ही चिंता!

जकातीचं म्हणाल, तर तो वाद खराच होता. १८२८ च्या जबर जकातीवर साउथ कॅरोलिना इतकी चिडली, की १८३२ मध्ये तिनं तो कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवला. पण १८३३ मध्ये दर उतरवायचं ठरलं आणि प्रकरण मिटलं. १८५७ मध्ये दर आणखी खाली आले. चढ्या दराचा मॉरिल कायदा मार्च १८६१ मध्ये मंजूर झाला, तोवर सात राज्यं फुटून निघाली होती. दरावर घासाघीस होते, दोन्हीकडचे थोडे सरकतात, तोड निघते. ज्यावर तोड निघत नव्हती ती गोष्ट वेगळी होती: गुलामगिरी.

१७९३ मध्ये एली व्हिटनीनं जिन तयार केलं. आपल्याकडच्या रेच्यानं सरकी सुटायची. अमेरिकेच्या आतल्या भागातल्या आखूड धाग्याच्या वाणात मात्र रुई सरकीला अशी चिकटलेली, की हातानं सोडवायला बसलं तर दिवसाकाठी जेमतेम पौंडभर निघायची. यंत्रानं तो अडसर काढला. यंत्र आलं की माणसाचे कष्ट कमी होतात, असं आपण धरून चालतो. इथे सोलणं सोपं झालं आणि वेचायला माणसं कमी पडू लागली. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी होती, म्हणून व्हर्जिनिया, मेरीलँडकडची माणसं विकून मिसिसिपी, अलाबामा, लुईझियानाकडे नेली गेली. पाच-सहा दशकांत सुमारे दहा लाख.

१८६० च्या जनगणनेत गुलामांची संख्या साडेएकोणचाळीस लाख भरली. त्यांची बाजारभावानं किंमत तीन अब्ज डॉलरच्या घरात. देशातली रेल्वे आणि कारखाने यांची बेरीज केली तरी त्याहून कमी भरे. न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात धडधाकट जवान गडी दीड हजार डॉलरच्या पुढे जाई. आणि ही माणसं बँकेकडे तारण होती. जमीन घ्यायला, बियाणं घ्यायला, आणखी गुलाम घ्यायला त्यांच्यावर कर्ज मिळे. मालक बुडाला किंवा मेला, की सावकाराचं येणं भागवायला हर्रास. त्यात आई एका गावाला आणि मूल दुसऱ्या.

आता आपल्यातल्या ज्यांनी हंगामात कमरेला ओटी बांधून कापूस वेचला आहे, त्यांच्यासाठी एक तपशील सांगतो. सॉलोमन नॉर्थअप हा न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र काळा नागरिक. १८४१ मध्ये त्याला वॉशिंग्टनमध्ये फसवून पकडलं आणि लुईझियानात विकलं. बारा वर्षांनी सुटून आल्यावर त्यानं सगळं लिहून ठेवलं. दिवसाची वेचणी दोनशे पौंड धरलेली, म्हणजे नव्वद किलो. अंधार पडल्यावर टोपल्या जिनघरात काट्यावर चढत. वजन कमी भरलं की चाबूक. जास्त भरलं, तर दुसऱ्या दिवसापासून तेवढंच मागणं. म्हणून थकलेला माणूस काट्याकडे जाताना दोन्ही बाजूंनी घाबरलेला असे. मी आयुष्यभर काट्याजवळ बसलोय. काटा मारणारे पाहिले, ओला कापूस आणणारे पाहिले. त्या पानानंतर मात्र पुस्तक दोन दिवस मिटून ठेवलं.

अशा धंद्याला जागेवर थांबता येत नाही. कपाशीनं जमीन थकते, पश्चिमेला नवी लागते. नव्या मुलखात गुलाम चालणार नसतील, तर जुन्या मुलखातल्या तारणाचा भावही डळमळतो. म्हणून १८२० मध्ये मिसुरीवरून तंटा, १८५४ नंतर कॅन्ससमध्ये रक्तपात, १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात नव्या प्रदेशांत गुलामगिरीवर बंदी घालायचा संसदेला अधिकारच नाही, असा निकाल. लिंकन १८६० मध्ये निवडून आले ते गुलामगिरी पसरू देणार नाही, एवढंच म्हणून. होती तिथली मोडण्याचं वचन त्यांनी दिलं नव्हतं. दक्षिणेला फुटून निघायला तेवढंही पुरेसं होतं.

राज्यांच्या हक्कांसाठी दक्षिण लढली, असं आजही ऐकू येतं. साउथ कॅरोलिना २० डिसेंबर १८६० ला बाहेर पडली. तिच्या जाहीरनाम्यातली मोठी तक्रार अशी, की उत्तरेकडची राज्यं आपापले कायदे करून पळालेले गुलाम परत देत नाहीत. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपले हक्क वापरले, हा गुन्हा! मिसिसिपीनं तर आडपडदा न ठेवता आपली बाजू गुलामगिरीची आहे असंच लिहिलं. नव्या दक्षिणी सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हाना इथे गुलामगिरी हाच आपल्या राज्याचा पाया, असं भाषण केलं. पुढच्या महिन्यात फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा सुटल्या आणि युद्ध पेटलं. चार वर्षांत सहा लाखांवर सैनिक गेले. ‘आर्थिक विषमता’ हे शब्द या दोन दिवसांत आपण वापरालच. ते वापरताना त्या जमाखर्चात जमेला काय लिहिलं होतं, ते कृपया गाळू नका.

आता आमच्या गावाचं. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि मुंबईत रुईच्या भावानं आभाळ गाठलं. रुईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचा जमाना तो. शेअरचा सट्टा, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या! एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले आणि मुंबईतला तो पैशाचा फुगा फुटला. खानदेश-वऱ्हाडात पऱ्हाटी वाढली ती त्याच धांदलीत, १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तोही कापसासाठी. भाव पडले तसे दख्खनमध्ये कर्ज आवळलं गेलं, आणि १८७५ मध्ये सुप्याला सावकारांची खतं जाळली गेली. म्हणजे कुणाच्या तरी बेड्यांच्या लढाईत आमच्या आजे-पणज्यांनी चार पैसे गाठीला बांधले आणि नंतर व्याजासकट गमावले. जोतीराव फुले यांनी त्या लढाईकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. १८७३ चं ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केलं ते गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. खामगावात रुईचे भाव मोजणारे पुष्कळ झाले. असं पाहणारा पुण्यात एक निघाला.

सोयीबद्दल दोन शब्द. जेवण मागच्या मांडवात आहे. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, पातोडीची भाजी. तिखट बेतानं घालायला सांगितलंय, पण आचारी वऱ्हाडी आहे. दुपारच्या सत्रानंतर ज्यांना जिन चालताना पाहायचं असेल, त्यांच्यासाठी दोन गाड्या फाटकाशी उभ्या राहतील. नाकाला रुमाल बांधा, रुईचे तंतू फार उडतात. अध्यक्षांना विनंती, की त्यांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत.