सही करणारा हात

(मसुरे येथे बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, आणि मागे दाराशी उभ्या राहिलेल्या भावांनो,

समाज कुठे असतो असं विचारलं की आपण बाहेर बोट दाखवतो. मी माझंच सांगते. वडील गेल्यावर मला कुणी धाक घातला नाही. काकी एवढंच म्हणाली, "बाय गो, भावाक दुखवू नको. म्हायार तुटात." महिन्याभरात मी हक्कसोडपत्रावर सही केली. कचेरीत विचारलं, "राजीखुशीने ना?" मी "हो" म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. भाऊ वाईट नाही, गणपतीला आठवणीने बोलावतो. दोन वर्षांनी सासरे वारले, आणि काकीचं तेच वाक्य मी माझ्या नणंदेला ऐकवलं. समाज त्या दिवशी माझ्याच तोंडून बोलला.

कायदा केव्हाच बदललाय. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा 1956 पासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने 1994 साली हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अटही गेली. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्मानेच येतो, त्यासाठी 2005 साली वडील हयात असायला हवेत असं नाही. आता यातलं आपल्या पडवीत काय पोचलं?

आपल्याकडचा सातबारा पाहा. सामाईक जमीन, नावांची ही लांबलचक यादी. त्यात वारलेले आजोबा असतात, पंचवीस वर्षांत गावी न फिरकलेला मुंबईचा चुलतभाऊ असतो. त्याला कुणी म्हणत नाही, तू लांब गेलास, नाव काढ. आचऱ्याला दिलेली लेक मात्र 'बाहेरची'. भात लावायला, काजू वेचायला, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायला तीच येते. (चाकरमान्यांनी रागावू नये. त्यांच्या मनिऑर्डरींवर इथली घरं चालली, हे मी विसरलेले नाही.)

कुणी म्हणेल, रीत आहे, ती कशी मोडायची? आपल्या आंगणेवाडीच्या जत्रेला पंचांगातली ठरलेली तिथी नाही. माणसं जमतात, देवीचा कौल घेतात, मग दिवस ठरतो. दरवर्षी एकत्र बसून ठरवायची सवय या गावाला आहेच. जत्रेच्या रात्री आंगण्यांच्या घरातल्या बायका मौन धरून प्रसाद रांधतात. ते मौन व्रताचं, त्याला माझा नमस्कार. वाटणीच्या वेळी आपण गप्प बसतो ते कुठलं व्रत?

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने 2022 च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठरावाने घरातल्या सासूचा हात लगेच थांबतो असं मी म्हणत नाही. पण एकटीने "नको" म्हणणं आणि गाव पाठीशी असताना म्हणणं, यात फार अंतर आहे. आणि गावापुढे विषय निघतो तोसुद्धा कुणीतरी आधी तोंड उघडल्यावरच.

नणंदेची मी माफी मागितली. ती हसली, म्हणाली, "वहिनी, सही तर झाली." नोंदणी झालेला कागद सहजी फिरत नाही. निदान आमच्या वाट्यातला एक तुकडा तिच्या नावावर करावा, यावर घरात बोलणं सुरू आहे, भांडणही. माझ्या मुलीने मात्र सगळं ऐकलंय.

पुढच्या बैठकीला येताना माहेरचा सातबारा घेऊन या. तलाठ्याकडे मिळतो, आता संगणकावरही निघतो. आपलं नाव आहे का, होतं का, कधी कमी झालं, हे एकत्र बसून वाचू. ज्यांच्यापुढे आज कोरा हक्कसोड ठेवलेला आहे त्यांनी सहीची घाई करू नये, आधी इथे यावं.