जिंजी : वेढ्यापलीकडचा मुलूख



जिंजीचे नाव घेतले की मराठी मनात छत्रपती राजाराम महाराज उभे राहतात, झुल्फिकारखानाचा वेढा उभा राहतो आणि बहुधा स्मरण तेथेच थांबते. ज्या भूमीने स्वराज्याच्या छत्रपतींना आठ वर्षे आश्रय दिला, ती भूमी कशी आहे, तेथे कोण राहते, हे जाणून घेण्याची आस्था आपण फारशी दाखविलेली नाही.

जिंजी तामिळनाडूच्या विळुप्पुरम जिल्ह्यात आहे. जुन्या दक्षिण अर्काटमधून हा जिल्हा १९९३ साली निर्माण झाला. प्रदेश सपाट आणि शेतीप्रधान. भात, भुईमूग आणि ऊस ही येथील पिके. पावसाचा मोठा वाटा आपल्यासारखा आषाढ-श्रावणात नव्हे, तर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. ते पाणी वर्षभर पुरवायचे म्हणून गावोगावी तलाव बांधलेले असतात. तमिळमध्ये त्यांना ‘एरी’ म्हणतात.

या सपाटीतून राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग या तीन टेकड्या एकाएकी वर येतात. सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना हे दृश्य अपरिचित वाटते. येथे गोलाकार महाकाय शिळा एकमेकींवर रचून ठेवल्यासारख्या दिसतात. तिन्ही टेकड्यांना जोडणाऱ्या तटाने मधली सपाटी कवेत घेतली आहे. राजगिरीच्या माथ्यापाशी एक खोल घळ आहे; तीवरील पूल काढून घेतला की माथा तुटला! पायथ्याशी प्रचंड धान्यकोठारे आणि तलाव आहेत. वेढा इतका लांबला तो शौर्यामुळे तसाच या पाण्याधान्यामुळेही.

शिवछत्रपतींनी १६७७ साली जिंजी जिंकली आणि लगेच तट-खंदकांचे काम आरंभिले. जेसुइट पाद्र्यांच्या पत्रांत त्याची नोंद आहे. बारा वर्षांनी, रायगडाला वेढा पडल्यावर, राजाराम महाराजांना आश्रय मिळाला तो याच दूरदृष्टीमुळे. वेढा १६९० साली सुरू झाला. संताजी-धनाजींनी मोगलांची रसद तोडून वेढा घालणाऱ्यांनाच वेढले. १६९८ च्या आरंभी दुर्ग पडला, परंतु महाराज तत्पूर्वीच निसटले होते.

मात्र जिंजी केवळ मराठ्यांची नव्हे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. स्थानिक परंपरा पहिल्या तटबंदीचे श्रेय कोनार राजांना देते. कल्याणमहाल आणि वेंकटरमण मंदिर नायक काळातील. आणि तेथील सामान्य माणसाच्या ओठांवर नाव आहे ते राजा देसिंगाचे! हा तरुण बुंदेला राजपूत, मूळ नाव तेजसिंग, १७१४ साली अर्काटच्या नवाबाशी लढताना पडला. महाबतखान हा त्याचा जिवलग मित्रही त्याच रणात पडला. दोघांची गाथा तमिळ लोकगीतांनी जपली आहे. राजपूत राजा, मुसलमान मित्र आणि तमिळ कवने; ज्यांना हा देश एकसुरी वाटतो त्यांनी हे ऐकावे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा दुर्ग जागतिक वारसा म्हणून स्वीकारले. अकरा महाराष्ट्रातील, बारावा जिंजी. आता मराठी पर्यटक तेथे अधिक संख्येने जातील. त्यांनी घोषणा देऊन परत न फिरता जिल्ह्यात आणखी दोन दिवस काढावेत. मंडगपट्टू येथे पल्लव नरेश महेंद्रवर्म्याने कातळात कोरविलेले मंदिर आहे. वीट, लाकूड, धातू आणि चुना न वापरता ते घडविल्याचे त्याचा शिलालेख सांगतो. जिंजीजवळच तिरुनाथरकुंड्रू येथे एकाच शिळेवर चोवीस तीर्थंकर कोरलेले आहेत. मेलचित्तामूर येथे तमिळ जैनांचा मठ आजही नांदता आहे. पुढे पुदुच्चेरीस गेल्यास समुद्रकिनारी गांधीजींच्या पुतळ्याभोवतीचे उंच दगडी खांब अवश्य पाहावेत. ते जिंजीहून नेलेले आहेत.