रोखीचं गिऱ्हाईक, उधारीचं गिऱ्हाईक



येत्या वर्षात बाजाराचा रंग काय असेल, आपला पैसा कुठल्या वाटेनं जाईल, यावर आज बोलायचं आहे. हा प्रांत अर्थतज्ज्ञांचा. मी कविता लिहिणारा माणूस. पण गिऱ्हाईक मीही आहेच. शब्दांशी रोजचा संबंध, म्हणून सुरुवात शब्दांपासूनच करतो. बाजार, दुकान, हिशेब, जमा, बाकी, नफा हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीत असे मुरले, की त्यांचं परकेपण आज कुणाला जाणवत नाही. आता त्यांच्या शेजारी नवे शब्द येऊन बसले आहेत : ऑफर, कॅशबॅक, कार्ट, पे लेटर. शब्द बदलतात, तेव्हा व्यवहारही बदललेला असतो.

काय बदललं? पहिलं म्हणजे पैसे देण्याची रीत. यूपीआय २०१६ साली सुरू झालं आणि ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात देशात त्याचे दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवालीच्या टोपलीशेजारीही आता क्यूआर कोडची पाटी दिसते. दुसरं, माल येण्याची रीत. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत दूध, कोथिंबीर, बिस्किटाचा पुडा दहा-पंधरा मिनिटांत दारात येतो. तो दुकानातून नव्हे, तर गिऱ्हाइकानं कधी पाऊल न टाकलेल्या, वस्तीतल्याच एखाद्या गोदामातून. तिसरं, कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे ५ आणि १८ टक्के हे दोन मुख्य टप्पे राहिले. अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं.

चौथा बदल घरखर्चातला. सरकारी पाहणीनुसार १९९९-२००० साली खेड्यातल्या घराच्या खर्चापैकी सुमारे ५९ टक्के वाटा खाण्यापिण्यावर जात होता; २०२३-२४ मध्ये तो ४७ टक्क्यांवर आला. शहरात तो ४८ वरून ४० टक्क्यांच्या आसपास उतरला. म्हणजे प्रवास, मोबाइल, कपडे, औषधं अशा गोष्टींकडे जाणारा वाटा वाढला. या वाट्यावर सगळ्या बाजाराचा डोळा आहे, आणि येत्या वर्षात चढाओढ होईल ती यासाठीच.

या चढाओढीत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं काय होणार, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्या दुकानाच्या गल्ल्याजवळ एक लांबट वही असते. रिक्षावाला, बिगारी, धुणीभांडी करणारी बाई यांचं महिनाअखेरीचं जेवण त्या वहीवर चालतं. दिवाळीचा रवा-मैदा आणि ईदच्या शेवया आधी वहीत उतरतात, मग घरी जातात. अर्ज नाही, जामीन नाही, बहुतेक ठिकाणी व्याजही नाही.

दुकानदाराला हे कशामुळे परवडतं? त्याच दुकानात नोकरदार घरं रोखीनं माल घेतात म्हणून. त्या रोख पैशावर तो घाऊक व्यापाऱ्याचं देणं भागवतो आणि उरलेल्यावर उधारी सांभाळतो. आता रोखीचं गिऱ्हाईक ॲपकडे निघालं आहे. दुकानात उरतं ते उधारीचं गिऱ्हाईक. रोख आटली, की उधारीही आटते. ज्या बाईनं ॲप कधी उघडलं नाही, तिच्या चुलीपर्यंत ॲपची झळ पोचते ती अशी.

उधारी फोनवरही मिळते, असं कुणी म्हणेल. मिळते. 'पे लेटर' म्हणजे तेच. पण दोन्हींत फरक आहे. दुकानदार म्हणतो, "वहिनी, मागची बाकी आहे, आज थोडंच न्या." त्याचे पैसे अडकलेले असतात, म्हणून तो आपल्यालाही अडवतो. फोन अडवत नाही. तो आणखी दोन वस्तू सुचवतो आणि हप्ता चुकला, की दंड लावतो.

किराणावाल्याची आरती ओवाळण्याचा माझा इरादा नाही. वजनात मारणारे, शिळा माल गळ्यात घालणारे, चार लोकांत बाकीची आठवण करून देणारे, नाव ऐकून उधारी नाकारणारे दुकानदारही आहेतच. घरात आजारी माणूस असताना रात्री दारात येणारं सामान ही मोठी सोय आहे, हेही खरं. सोय वापरावी, फक्त डोळे उघडे ठेवावेत. न मागितलेली वस्तू यादीत घुसवणं, शेवटच्या पायरीवर शुल्क वाढवणं, 'दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई करणं, अशा १३ क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये मनाई केली आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

माझी सूचना साधी आहे. ज्यांच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार येतो, त्यांनी यादीतला निदान तेल-साखर-डाळींचा भाग कोपऱ्यावरच्या दुकानातून रोखीनं आणावा. यूपीआयनं दिले तरी ते रोखच. वजन बघून घ्यावं, भाव विचारावा, पटला नाही तर भांडावंही. आपण मोजलेल्या त्या पैशावर शेजारच्या वस्तीतल्या कुणाचं तरी महिनाअखेरीचं पान वहीत उघडं राहतं. येत्या वर्षात बाजार कुठे जाणार, याचे अंदाज पुष्कळ ऐकायला मिळतील. ते ऐकताना त्या वहीचं काय झालं, एवढं आपापल्या गल्लीत जरूर विचारा.