अंगठ्याची साक्ष
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आनंदाच्या दिवशी खुनाची गोष्ट कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. पण मी सांगणार आहे ती गोष्ट खुनापेक्षा संशयाची आहे, आणि संशय कोणत्या घराला चुकला आहे?

१८९७ साली बंगालमधील जलपैगुडी जिल्ह्यात एका चहाच्या मळ्याचा व्यवस्थापक बिछान्यात गळा चिरलेला आढळला. कागदपत्रांची पेटी उपसलेली, तिजोरीतले पैसे नाहीसे. संशय मळ्यातल्या मजुरांवर आला, फिरत्या काबुल्यांवर आला, आणि घरच्या स्वयंपाक्यावरही आला. त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते! “साहेबांच्या जेवणासाठी कबूतर मारले, त्याचे हे रक्त,” असे तो सांगत होता. कोण विश्वास ठेवील?

विश्वास ठेवला तो रसायनतज्ज्ञाने, तोही डाग तपासून. पक्ष्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लांबट असतात व त्यांत केंद्रक असते. माणसाच्या गोल, केंद्रकाविना. स्वयंपाकी खरे बोलत होता.

पेटीतल्या कागदांत एक बंगाली पंचांग होते. त्याच्या फिकट निळ्या वेष्टनावर दोन पुसट तपकिरी डाग. भिंगाखाली एकात बोटाच्या रेषा दिसल्या. कलकत्त्याला त्याच साली ठशांचे कार्यालय निघाले होते. तेथील वर्गवारीला हेन्रीसाहेबांचे नाव मिळाले, पण तिच्यामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचे मोठे कष्ट होते. तेथे ठसा जुळला तो कांगाली चरणच्या उजव्या अंगठ्याशी. हा व्यवस्थापकाचाच जुना नोकर, चोरीची शिक्षा भोगून काही आठवड्यांपूर्वी सुटलेला. शेकडो मैलांवर, बीरभूममध्ये तो सापडला. पंचांगावरचे डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे ठरले.

आता निकाल ऐका. त्याला शिक्षा झाली ती चोरीबद्दल. खून करताना कोणी पाहिले नव्हते, म्हणून असेसरांनी तो आरोप मान्य केला नाही. मग शास्त्राचा उपयोग काय, असे एखादी विचारील. मला यातच त्याचे मोल वाटते. अंगठा एवढेच सांगतो की, रक्ताने माखलेला हा हात पेटीत गेला होता. त्यापुढचे आपण त्याच्या तोंडी घालू नये.

पुढे १९८६ साली इंग्लंडात, लेस्टरशायरमधील दोन मुलींच्या खुनांच्या तपासात डीएनएची परीक्षा झाली, तेव्हाही तिने प्रथम सोडवला तो एका खुनाची कबुली देऊन बसलेला निर्दोष मुलगाच! खरा गुन्हेगार त्यानंतर हाती लागला.

भगिनींनो, दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. कोठे घातपात झाला तर पोलीस येईपर्यंत फरशी पुसू नका, कपडे धुऊ नका. आपल्या स्वच्छतेने पुरावा जातो. आणि घरातली अंगठी दिसेनाशी झाली की मोलकरणीचे नाव घेण्यापूर्वी त्या स्वयंपाक्याची आठवण करा. त्याच्यासाठी तज्ज्ञ होता. तिच्यासाठी तुमच्याखेरीज कोण आहे?