जेट स्की मधेच बंद पडते, तेव्हा आधी काय बघायचं?

पावसाळा संपून किनाऱ्यावरचे वॉटर स्पोर्ट्स सुरू झाले की माझ्या फोनवर एकच वाक्य यायला लागतं. "गाडी मधीच बंद पडता." गाडी म्हणजे जेट स्की. मी मालवण तालुक्यात बोटींची आणि जेट स्कीची इंजिनं दुरुस्त करतो, त्यामुळे हे वाक्य मला पाठ आहे. त्याच्या पुढचंही पाठ आहे, "कधी पडात ता सांगूक येणा नाय."

मोटरसायकल बंद पडली तर आपण ढकलत कडेला नेतो. जेट स्कीचं तसं नाही. तिला मागे सुकाणू नसतं. इंजिन आतला इम्पेलर फिरवतं, तो खालून पाणी ओढतो आणि मागच्या नॉझलमधून जोरात बाहेर फेकतो. हँडल वळवलं की फक्त ते नॉझल वळतं. म्हणजे इंजिन बंद, तर झोत बंद, आणि झोत बंद तर वळणंही बंद. समोर पर्यटकांची बोट असेल तर हँडल कितीही वळवा, गाडी सरळच जाणार. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीला पाणी बाहेर ओढतं. त्या वेळी बंद पडलेली गाडी कुठे जाईल ते सांगायला नको.

म्हणून कोणी "प्लग बदलू का?" विचारलं की मी आधी उलट विचारतो, बंद पडताना आवाज कसा होता? लाइटचं बटण दाबल्यासारखी खट्कन गेली, की खोकत खोकत, दम लागल्यासारखी गेली? डिस्प्ले चालू राहिला की तोही गेला? लगेच सुरू झाली की दहा मिनिटांनी? एवढं कळलं तरी अर्धं काम होतं. खट्कन गेली तर बहुतेक वेळा वायरिंगकडे बघायचं, खोकत गेली तर पेट्रोलकडे. अपवाद असतात, पण सुरुवात इथून.

गेल्या सीझनची एक गाडी सांगतो. तीन सीटची, फोर स्ट्रोक. मालकाने प्लग बदलले, बॅटरी नवी घातली, कुठून तरी जुना फ्युएल पंप आणून बसवला. कर्जाची गाडी, सीझन चालू, आणि ही वीस-पंचवीस मिनिटांनी दम टाकून बंद. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. ट्रॉलीवर पाइप लावून चालवली तर तासभर काही नाही. तो म्हणाला, "प्लग बदललंय, बॅटरी बदललंय, आता काय इंजिनच बदलू?"

त्याच्या बोलण्यातलं एक वाक्य मला कामाचं वाटलं. टाकी फुल असली की लवकर बंद पडते. पेट्रोल संपत आल्यामुळे बंद पडणारी गाडी उलट वागेल ना? मी त्याला सांगितलं, पुढच्या वेळी किनाऱ्याजवळ, शांत पाण्यात बंद पडली की काही करू नकोस, फक्त टाकीचं झाकण सावकाश सोड आणि कान दे. त्याने सोडलं. "सूऽऽऽ" करून हवा आत गेली. लगेच स्टार्ट मारला, लगेच सुरू.

झालं असं होतं की टाकीतून पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी एक बारीक नळी असते. गाडी उलटली तर पेट्रोल सांडू नये म्हणून त्या लाइनवर एकतर्फी व्हॉल्व्हही असतो. ही वाट बंद झाली की टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. टाकी फुल असताना वर हवा कमी, म्हणून हे लवकर होतं. ट्रॉलीवर इंजिनावर लोड नाही, पेट्रोल थेंब थेंब जातं, म्हणून तिथे दोष दिसतच नाही. आणि वाट कशाने बंद होती? कुंभारमाशीने! पावसाळाभर गाडी माडाखालच्या शेडमध्ये उभी, नळीच्या तोंडात माशीने मातीचं घर बांधलेलं. तारेने साफ केलं, नळीला हवा मारली, व्हॉल्व्ह एका बाजूने फुंकून पाहिला. नवा पार्ट एकही लागला नाही.

आता खट्कन बंद पडणाऱ्या गाड्या. इथे माझा पहिला संशय नेहमी मनगटाला बांधायच्या लाल दोरीवर, म्हणजे किल स्विचच्या लॅनयार्डवर. खाऱ्या पाण्याने स्विचचे कॉन्टॅक्ट खराब होतात, क्लिप सैल होते, आणि लाट आपटली की क्षणभर संपर्क तुटतो. काही जण वैतागून तो स्विच बायपास करतात. ते मी करून देत नाही, कितीही पैसे दिले तरी. माणूस पडला आणि गाडी चालूच राहिली तर काय होईल? त्यानंतर बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर. वरून चकचकीत दिसते, पण इन्सुलेशनच्या आत तांबं हिरवं पडलेलं असतं. हाताने ओढून, वाकवून बघा. आणि गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर सुरू असं असेल तर क्रँक सेन्सर किंवा पंप गरम असतानाच तपासायचा. गार झाल्यावर मीटर लावून काय उपयोग, तेव्हा सगळं बरोबरच दिसतं.

तिसरा प्रकार, आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, किंवा इंजिन दाबल्यासारखं बसतं. खाली जाळ्याचा तुकडा, दोरी, प्लास्टिक अडकलेलं असतं. आमच्याकडे नायलॉनच्या जाळ्याने हा ताप फार. हात घालण्याआधी इंजिन बंद आणि लॅनयार्ड काढून खिशात. यात घाई नको.

पेट्रोलबद्दल थोडं. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि बऱ्याच जेट स्कींच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा १० टक्क्यांची दिलेली असते. तुमच्या गाडीचं मॅन्युअल उघडून बघा. इथेनॉल पाणी ओढून घेतं. दमट हवेत तीन-चार महिने पडून राहिलं की पाणी खाली वेगळं बसू शकतं, आणि पंप तर तळातूनच ओढतो. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पूर्ण टाकी रिकामी करा. हे उघड्यावर करा, सिगारेट लांब. आणि पेट्रोल भरल्यावर सीट उचलून वास घेतल्याशिवाय स्टार्ट मारू नका, आत साठलेली वाफ पेट घेऊ शकते.

धुण्याचंही सांगून टाकतो, कारण नव्या पोरांकडून इथे गडबड होते. आधी इंजिन सुरू, मग पाइपचं पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलटं केलं तर पाणी एक्झॉस्टमधून मागे इंजिनात जाऊ शकतं. पाण्याविना मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेत तेवढेच सेकंद चालवायचं.

आणि तुम्ही मेकॅनिक नाही, पर्यटक आहात आणि गाडी बंद पडली, तर पोहत किनाऱ्याकडे निघू नका. लाइफ जॅकेट बांधलेलंच ठेवा, गाडीवरच बसून राहा, दोन्ही हात वर करून हलवा. पाण्यात एकट्या माणसाचं डोकं लांबून दिसत नाही, गाडी दिसते. दोरी निघाली आहे का तेवढं बघा, निघाली असेल तर परत लावून एक-दोनदा स्टार्ट मारा. नाही झाली तर बॅटरी संपवू नका, बोट येतेय.