पदवीपुढील दोन वर्षे

(मंडळाच्या ओझर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



विघ्नेश्वराच्या या क्षेत्री आपण दरवर्षी पदवीधरांचा सत्कार करतो, हे योग्यच आहे. आज मला पदवीच्या पुढील शिक्षणाविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव कोसळला, की तोडणीचा खर्चही निघत नाही. माल रस्त्याकडेला ओतून शेतकरी रित्या हाताने घरी येतो. वास्तविक शंभर किलो टोमॅटोत सुमारे पंचाण्णव किलो पाणीच असते. निर्वात पात्रात पाणी कमी उष्णतेवर उकळते. त्यामुळे रंग व चव राखून रस आटविता येतो आणि अठरा किलोंच्या आसपास घट्ट गर हाती येतो. टोमॅटो आंबट, म्हणून त्याला उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. मटार डब्यात टिकवावयाचा तर दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवावा लागतो, अन्यथा घातक जंतूंची बीजे जिवंत राहतात. हे गणित शिकविते ती अन्न-अभियांत्रिकी. सूक्ष्म जीवांकडून मोजूनमापून काम करून घेणे, ही जैवप्रक्रिया. घरोघरी विरजण लावतात तेही हेच. परंतु एका गाडग्यातील दही आणि हजारो लिटरांची टाकी यांतील अंतर या अभ्यासानेच तुटते.

मुंबई विद्यापीठाने १९३३ साली सुरू केलेला रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग २००८ पासून अभिमत विद्यापीठ झाला आहे. माटुंग्याच्या या संस्थेत दोन्ही विषयांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. 'गेट' परीक्षेत यश मिळविणाऱ्यांसाठी विद्यावृत्तीचीही योजना आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने अन्नतंत्रज्ञानाची पदवी संपादन केली. तिला पुढे शिकावयाचे होते. तिचे वडील सल्ल्यासाठी माझ्याकडे आले. मी मॅट्रिक झालेला. पदवी हीच मला शिक्षणाची सीमा वाटे. "आता लग्नाचे पाहा," असे मी सांगून बसलो. ती सुखात आहे. परंतु भेटली की "गुरुजी, पुढचे राहिलेच," एवढेच म्हणते. माझा तो सल्ला चुकला, हे मी आपणांसमोर कबूल करतो.

म्हणून माझी विनंती अशी, की मंडळाने सत्काराच्या खर्चातून काही रक्कम बाजूस काढून पदवीपुढे शिकणाऱ्यास बिनव्याजी द्यावी, आणि पहिली मदत एखाद्या मुलीस व्हावी. त्या निधीत पहिली भर माझ्या निवृत्तिवेतनातून घालण्याची अनुज्ञा असावी.