कारण सांगितलंच पाहिजे



माझे वडील तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान चालवत. दुकान कसलं, एक टपरी, हवा भरायचा पंप आणि पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं. १९८७ साली, मी बारावीत असताना, एका संध्याकाळी दोन पोलीस आले. म्हणाले, "चाचा, चला. साहेबांनी बोलावलंय." वडील चिंधीला हात पुसत उठले आणि निघाले. टपरी उघडीच राहिली.

दोन रात्री ते परतले नाहीत. आई डबा घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून राही. "चौकशी चालू आहे," यापलीकडे तिला कुणी काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वडील चालत घरी आले. मारहाण झाली नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. पण कुठं सही नाही, कागद नाही, कशासाठी नेलं याचा एक शब्द नाही. कुणीतरी चोरीची सायकल आमच्याकडे दुरुस्तीला टाकली होती, असं पुढं कानावर आलं. खरं-खोटं कधीच कळलं नाही. गावात मात्र 'पोलिसांनी नेलं होतं' एवढंच उरलं. गिऱ्हाईक कमी झालं. अनोळखी माणसाची सायकल हाती घ्यायला वडील घाबरू लागले. अधूनमधून ते मला विचारत, "बेटा, मेरेकू कायकू लेके गए थे?"

पुढं बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं, तेव्हा राज्यघटनेचं बाविसावं कलम वाचलं. अटक केलेल्या माणसाला शक्य तितक्या लवकर अटकेचं कारण सांगितलं पाहिजे. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं पाहिजे. मी घरी जाऊन हे वडिलांना वाचून दाखवलं. हे केव्हापासून आहे, असं त्यांनी विचारलं. १९५० पासून, मी म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "तो उन लोगों ने पढ़ा नहीं होगा."

श्रोतेहो, पोलिसांनी कायद्याची शेकडो कलमं पाठ करावीत, असं माझं म्हणणं नाही. पण अटकेपुरती एक गोष्ट प्रत्येक शिपायाला ठाऊक हवी. अटकेला कारण लागतं, आणि ते तिघांना सांगावं लागतं.

पहिल्यांदा ते स्वतःला सांगावं लागतं. १९९४ साली उत्तर प्रदेशात गाझियाबादच्या पोलिसांनी एका तरुण वकिलाला चौकशीसाठी बोलावून पाच दिवस ठेवून घेतलं. जोगिंदर कुमार यांच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की अटकेचा अधिकार असणं वेगळं आणि तो वापरायला समर्थन असणं वेगळं. अटक करता येते म्हणून ती करायची नसते. २०१४ च्या अर्नेश कुमार खटल्यात न्यायालय आणखी पुढं गेलं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरधोपट अटक नको. माणूस पळून जाईल, पुरावा नष्ट करील, साक्षीदाराला धमकावील, असं काही आहे का, ते पाहा आणि लिहून ठेवा. तसं काही नसेल, तर नोटीस देऊन हजर राहायला सांगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही नोटिशीची वाट पस्तिसाव्या कलमात आहे.

दुसऱ्यांदा कारण सांगायचं ते न्यायालयाला. चोवीस तासांची मर्यादा त्यासाठीच आहे. कोठडीत काय चाललं आहे, हे पोलिसांखेरीज आणखी कुणीतरी पाहिलं पाहिजे. पश्चिम बंगालमधल्या डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून १९८६ साली सरन्यायाधीशांना पत्र पाठवलं. त्या पत्रावरून उभ्या राहिलेल्या खटल्याचा निकाल डिसेंबर १९९६ मध्ये लागला. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा कागद तिथंच व्हावा, त्यावर तारीख, वेळ, साक्षीदाराची सही आणि अटक झालेल्याची सही असावी. घरच्या एका माणसाला कळवावं. अंगावर जखमा असतील तर त्या नोंदवाव्यात. कोठडीत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. यातलं निम्मं झालं असतं, तरी माझी आई पायरीवर बसून राहिली नसती.

आणि तिसऱ्यांदा कारण सांगायचं ते त्या माणसाला, त्याच्या भाषेत. नागपुरात १९६१ साली हरिकिसन नावाच्या गृहस्थांना प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलं गेलं. कारणांची टंकलिखित चौदा पानं त्यांना इंग्रजीतून मिळाली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी हिंदी प्रत मागितली, ती नाकारली गेली. पोलीस अधिकाऱ्यानं तोंडी समजावलं आहे, तेवढं पुरे, अशी प्रशासनाची भूमिका होती. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मानली नाही आणि त्यांची सुटका केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या एका अपघाताच्या प्रकरणात न्यायालयानं सर्व गुन्ह्यांसाठी सांगितलं, की अटकेची कारणं लेखी द्यावीत आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यावीत.

पोलिसांची बाजूही मला दिसते. बारा-बारा तासांचा बंदोबस्त, अपुरी माणसं, आणि दारात 'आधी अटक करा' म्हणत उभा असलेला जमाव. त्या जमावात आपणही असतो. अटक म्हणजेच शिक्षा, अशी आपली समजूत असते आणि तिचं ओझं ठाण्यावर पडतं.

काही वर्षांपूर्वी एका पोलीस प्रशिक्षण केंद्रात मला कविता वाचायला बोलावलं होतं. कविता झाल्यावर मी वडिलांची हकीकत सांगितली. एका तरुण प्रशिक्षणार्थी मुलीनं विचारलं, "सर, त्या दिवशी तिथं मी असते, तर काय करायला हवं होतं?" मी म्हणालो, "आधी तुमचं नाव सांगायचं. मग सायकलीबद्दल विचारायचं आहे, हे सांगायचं. टपरी बंद करायला दोन मिनिटं द्यायची. ठाण्यात नेलं तर डायरीत वेळ लिहायची, घरी निरोप पाठवायचा." अटकच करावी लागली असती तर, असं तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "वडील मराठी बोलत, पण त्यांना वाचता येई ते फक्त उर्दू. कारण त्यांना उर्दूत लिहून द्यावं लागलं असतं." तिनं वहीत तेवढं लिहून घेतलं.

वडील आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला अखेरपर्यंत देता आलं नाही. हे ऐकणाऱ्यांत कुणी पोलीस असतील, तर त्यांना माझी एकच विनंती आहे. उद्या कुणाला 'चला' म्हणाल, तेव्हा कशासाठी, तेही सांगा.